नोंद नसलेलं माप

आमच्या घरी माणूस पाठवणाऱ्या संस्थेची चौसष्ट मानकं आहेत. कलाही चौसष्टच असतात, पण कला आल्या नाहीत तर कोणी सही मागत नाही. ही मानकं एका निळ्या फाइलमध्ये असतात, आणि फाइल दादाच्या पलंगाच्या पायथ्याशी खिळ्याला टांगलेली असते. पलंगावर दादा असतो. संस्थेच्या भाषेत तो ‘लाभार्थी’. आमच्या भाषेत माझा थोरला भाऊ, बस कंडक्टर. तीन वर्षांपूर्वी, निवृत्तीला आठ महिने उरले असताना, डोक्यात रक्ताची गुठळी झाली आणि त्याची उजवी बाजू गेली.

बोलणंही गेलं. उरला एकच शब्द, ‘चला’. तोही मनात आला तरच. बाकीचा कारभार तो डाव्या हाताच्या अंगठीने पलंगाच्या लोखंडी कठड्यावर चालवतो. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे जाऊ द्या. बत्तीस वर्षं घंटी मारलेल्या माणसाला हे शिकवावं लागलं नाही. शिकायचं आम्हाला होतं, आणि मी त्यात कच्चा राहिलो.

तिसरी गेलेली गोष्ट म्हणजे गिळणं. पाणी घशात गेलं की ते पोटाकडे जायचं की छातीकडे, हे त्याच्या घशाला आता ठरवता येत नाही. गेल्या वर्षी ते छातीकडे गेलं. न्यूमोनिया झाला, सतरा दिवस दवाखान्यात काढले. गिळणं शिकवणाऱ्या तज्ज्ञ बाईंनी घरी सोडताना सांगितलं, “पातळ काहीही नाही. पाणीसुद्धा मधासारखं दाट करून द्यायचं. पुन्हा छातीत गेलं तर...” पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. सुशिक्षित माणसं वाईट बातमी टिंब टिंब करून देतात.

पाणी दाट करायची पावडर मिळते. ती संस्थाच पाठवते. पाण्यात कालवायची, दोन मिनिटं थांबायचं, मग द्यायचं. हे काम मावशींचं.

मावशी माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहेत, पण आजाऱ्याचं करायला येणाऱ्या बाईला मावशी म्हणायची पद्धत आहे. सकाळी आठला येतात, संध्याकाळी सातला जातात. जाताना रात्रीपुरतं पाणी कालवून फ्रीजमध्ये ठेवतात, शनिवारी रविवारचंही. त्यांच्याआधी एक मावशी होत्या. दादाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची आणि तक्त्यात वेळेसमोर खूण करायची, असा नियम होता. एकदा मी डबा विसरलो म्हणून सकाळी साडेनऊला घरी परतलो, तर संध्याकाळी सहापर्यंतच्या सगळ्या खुणा झालेल्या होत्या. दादाची कूस मात्र कालचीच होती. त्या गेल्या, पण दादाच्या पाठीवरची जखम भरायला दोन महिने लागले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. मी ताकाचं वजन करायला लागलो.

शिवाय माझा पेशाच संशयाचा. एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात सव्वीस वर्षं मी कॉपी पकडतोय. बाही, बुटाचा तळ, पाण्याच्या बाटलीचं वेष्टन, सगळं पाहून झालंय. पेपर फार नीटनेटका दिसला की मला तो उलटा धरून पाहावासा वाटतो. नव्या मावशींच्या नोंदी नीटनेटक्या होत्या.

महिन्यातून एकदा संस्थेच्या गुणवत्ता पर्यवेक्षक येत. माझ्या बायकोने त्यांचं नाव स्टिकरबाई ठेवलं होतं. घरातलं प्रत्येक साधन त्या तपासत आणि त्यावर क्रमांकाचं हिरवं स्टिकर लावत. थर्मामीटर बारा. दादाचा पेला चौदा. पावडरचा मापाचा चमचा पंधरा. स्टिकर नसलेलं साधन लाभार्थीच्या जवळ न्यायचं नाही, हे मानक एकोणतिसावं.

“अहो, मलाही एक लावून घ्या त्यांच्याकडून,” बायको म्हणाली. “नाहीतर उद्या भावजींच्या जवळ जाऊ द्यायच्या नाहीत.”

मला मात्र स्टिकरबाई आवडत. या जगात कोणीतरी काहीतरी तपासतंय, याने मला बरं वाटायचं.

तर त्या महिन्यात पावडरचा डबा बदलून आला. कंपनी वेगळी, डबा मोठा. संस्थेच्या पत्रात ‘समतुल्य उत्पादन’ असं लिहिलं होतं. स्टिकरबाईंनी माझ्यासमोर डबा उघडला. आत एक चमचा निघाला. त्याच्यावर स्टिकर नव्हतं.

“हे नोंद नसलेलं साधन,” त्या म्हणाल्या. त्यांनी तो चमचा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी फाइलच्या शेवटच्या पानाला स्टेपल केली आणि वर तारीख टाकली.

“बाई, डबा वेगळा आहे,” मावशी दारातून म्हणाल्या. “चमचापण मोठा आहे.”

“काही सूचना असेल तर भाग ‘क’मध्ये लिहा.”

“भाग ‘क’ नातेवाइकांचा आहे ना, बाई?”

“मग नातेवाईक लिहितील.”

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. कशाला, ते आता आठवत नाही. बहुधा शिस्तीला.

त्यानंतर आठवड्याने मी सहज डबा उचलला आणि तो हलका लागला.

सहज म्हणजे मी तो रोजच उचलायचो. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. दिवसाला आठ पेले, पेल्याला एक माप, मापात दोन ग्रॅम. सात दिवसांचे एकशे बारा ग्रॅम जायला हवे होते. गेले होते तीनशे तीस. तक्त्यात मात्र रोज आठ खुणा, आठ सह्या, प्रत्येकीसमोर छापील ‘१ माप’. मी तक्ता उलटा धरून पाहिला.

“पावडर जातेय कुठेतरी,” मी बायकोला सांगितलं.

“कुठे जाणार?”

“तेच तर.”

“अहो, ती पावडर नेऊन मावशी करणार काय? त्यांच्या घरी सगळ्यांना गिळता येतं.”

“विकत असतील.”

“कोणाला? दाट पाण्याची टपरी टाकलीय का त्यांनी?”

बायकोला तपासकामातलं कळत नाही. हेतू नंतर सापडतो, आधी तफावत सापडते. सोमवारी सकाळी मी डबा, काटा आणि तक्ता टेबलावर मांडून मावशींना बोलावलं. परीक्षा विभागात आम्ही असंच करतो. पुरावा समोर ठेवायचा आणि गप्प बसायचं.

मावशींनी काट्याकडे पाहिलं. “स्वयंपाकाचा आहे ना हा? ताईंना हवा असेल.”

“मावशी, दोनशे अठरा ग्रॅम पावडर जास्त गेलीय. कुठे गेली?”

“दादांच्या पोटात.”

उद्धट उत्तरं मी पुष्कळ ऐकली आहेत. हे त्यातलंच एक वाटलं.

“एका मापात होत नाही सर. ही पावडर हलकी आहे. तीन मापं घातली की जमतं. चमच्यात घेऊन वाकडं केलं की कळतं. असं थबकत थबकत पडलं पाहिजे. तज्ज्ञ बाईंनी दाखवलं होतं ना, तुम्हीपण होता.”

“तक्त्यात एक लिहिलंय.”

“ते छापलेलंच आहे. मी नुसती खूण करते.”

“आणि सही.”

“सहीपण करते,” मावशी म्हणाल्या. “न केली तर हजेरी लागत नाही.”

खोटं बोलणारा माणूस तपशील फार देतो, असा माझा अनुभव. मी त्यांच्यासमोरच संस्थेला फोन लावला. पलीकडून एका गोड आवाजाने फाइल क्रमांक विचारला, जरा वेळ थांबवलं आणि सांगितलं, “पत्रकाप्रमाणे एकच माप, सर. नोंद असलेल्या साधनाने. जास्त दिलं असेल तर तो नियमभंग होतो. तक्रार नोंदवायची का?”

“तूर्त नको,” मी मोठेपणाने म्हटलं. मग मावशींना सांगितलं, “उद्यापासून पाणी माझ्यासमोर कालवायचं. एक माप.”

त्यांनी काटा उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. नंतर म्हणाल्या, “तुम्ही सांगताय म्हणून. पण बघत राहा.”

मी बघत राहिलो. कॉलेजला परीक्षा नव्हत्या. अर्धी रजा टाकून मी सकाळचे पेले समोर कालवून घ्यायचो, दुपारच्या आणि रात्रीच्या पाण्याची मापं आधीच मोजून वाटीत काढून द्यायचो. डब्याला मी कुलूप लावलं होतं. डब्याला कुलूप लागत नाही, म्हणून तो माझ्या कपाटात ठेवून कपाटाला लावलं. रोजचे सोळा ग्रॅम, ना एक कमी ना एक जास्त. काटा आणि तक्ता यांचं इतकं छान जमलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी चमचे मोजत होतो. पाण्याकडे पाहायचं मला कोणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी दादाला ठसका लागला. बुधवारी दोनदा.

आणि मावशींचा वेग एकदम मंदावला. पूर्वी एक पेला दहा मिनिटांत व्हायचा. आता अर्धा तास लागायला लागला. दादाला पाठीला उशा लावून ताठ बसवायचं, हनुवटी छातीशी टेकवायची, छोट्या चमच्याने थेंबभर पाणी जिभेवर ठेवायचं, घशाची गाठ वरखाली होईपर्यंत थांबायचं, मग पुन्हा थेंबभर. पुढचा पेला येईपर्यंत आधीचा संपत नसे. मी माझ्या वहीत नोंद केली, ‘वेळकाढूपणा. बहुधा सूड.’

“ठसका का लागतोय?” मी विचारलं.

“तुम्हाला माहितेय सर.”

“मला काहीच माहीत नाही.”

“तेपण आहेच,” मावशी म्हणाल्या, आणि दादाची हनुवटी पुसली.

दादाने कठड्यावर दोन टोले मारले. मला ते टोले मावशींच्या बाजूचे वाटले. संशय घरात शिरला की सगळ्यांत आधी कानात जाऊन बसतो.

गुरुवारी संध्याकाळी दादाचं अंग किंचित कोमट लागलं. थर्मामीटर क्रमांक बाराने काही दाखवलं नाही. शुक्रवारी मी लेखी तक्रार दिली. भाषा सौम्य होती, आरोप तीन होते. पावडरचा अपहार, उद्धट उत्तरं आणि लाभार्थीला ठसका लागेल अशा रीतीने हेतुपुरस्सर देखभाल. उत्तर तासाभरात आलं. सोमवारी स्टिकरबाई घरी येऊन चौकशी करतील, तोपर्यंत सेवा चालू राहील, गैरसोयीबद्दल दिलगिरी. मावशींनाही प्रत गेली होती. शनिवारी त्या आल्या तेव्हा त्यांनी चप्पल रोजच्या जागी न काढता दाराबाहेर काढली. एवढाच फरक.

संध्याकाळी त्या रविवारचं पाणी कालवायला लागल्या, तेव्हा मी म्हटलं, “राहू द्या. उद्याचं मी करीन.”

“सर, मग एक ऐका. थेंब थेंब द्या. पेल्याने देऊ नका.”

“मावशी, तुमची चौकशी सोमवारी आहे.”

“माझी सोमवारी आहे,” त्या म्हणाल्या. “दादांची उद्या आहे.”

बायको आतून ऐकत होती. रात्री जेवताना तिने एकच वाक्य टाकलं. “पालथ्या घड्यावर तरी किती ओतायचं माणसाने.” घडा कोण, हे मी विचारलं नाही.

रविवारी सकाळी नऊ वाजता मी पेला क्रमांक चौदा घेतला, चमचा क्रमांक पंधराने एक माप घातलं, सपाट, सुरीने वरचा ढीग कापून. कालवलं. घड्याळ लावून दोन मिनिटं थांबलो. दादाला बसवलं. मानकांच्या दृष्टीने त्या सकाळी त्या खोलीत एकही त्रुटी नव्हती.

दादाने पेल्याकडे पाहिलं आणि एक टोला मारला.

“दादा, मी आहे,” मी म्हटलं.

त्याने पुन्हा एक टोला मारला. जोरात. मला वाटलं, मावशींनी फितवलंय. मी पेला त्याच्या ओठांना लावला आणि जरा वर केला.

पहिला घोट गेला. दुसरा गेला नाही. दादाचा चेहरा लाल झाला, मग ओठांचा रंग बदलला. खोकला येतोय पण आवाज येत नाही, असं काहीतरी झालं. डावा हात कठड्यावर आपटत होता, एक, एक, एक. मी पेला धरून उभाच. बायको धावत आली. तिने दादाला पुढे वाकवलं, पाठीवर हाताच्या तळव्याने मारलं, पुन्हा मारलं, आणि कधीतरी पाणी बाहेर आलं. मग श्वास. मग बराच वेळ खोकला, फाटलेल्या कापडासारखा.

दादा मागे टेकला. त्याने माझ्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षांत बिनातिकीट बसलेले किती लोक त्याने पाहिले असतील. त्यांच्याकडे तो असाच पाहत असणार.

पेल्यात अजून निम्मं पाणी होतं. मी चमच्यात घेतलं आणि चमचा वाकडा केला. ते थबकलं नाही. नळासारखं खाली गेलं.

मी कपाट उघडून डबा काढला आणि त्यावरची बारीक अक्षरं पहिल्यांदा वाचली. ‘दाट द्रवासाठी एक माप. सोबत दिलेला चमचाच वापरावा.’ सोबत दिलेला चमचा फाइलच्या शेवटच्या पानावर होता, पिशवीत, तारखेसकट. मी स्टेपल उपसली. जुन्या चमच्याने पावडर भरून त्या नव्या चमच्यात ओतून पाहिली. एक. दोन. तिसरं घातल्यावर नवा चमचा काठोकाठ भरला.

मावशींना हा चमचा कोणी दिला नव्हता. त्यांनी नुसतं पाणी वाकडं करून तीन हा आकडा काढला होता.

मी त्यांना फोन लावला. काय बोलायचं ते मनात जुळवत होतो, पण त्यांनी मला ती संधी दिली नाही.

“किती वेळ खोकला? ओठ निळे झाले होते का? आता ताप आहे? छातीला कान लावा. घरघर येते का?”

“येते,” मी म्हटलं.

“कुठल्या बाजूला?”

“डावीकडे.”

“मग दवाखान्यात न्या. आत्ता. ताठ बसवूनच न्या, आडवं करू नका. आणि तोंडाने काही देऊ नका. ताईंकडे फोन द्या.”

मी ताईंकडे फोन दिला. या प्रकरणातला माझा तो पहिला योग्य निर्णय.

डाव्या फुप्फुसाच्या तळाशी लहानसा ठिपका होता. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर हळूहळू जात असणार, आजचं निमित्त झालं. इतके दिवस कोणीतरी सांभाळून देत होतं म्हणून एवढ्यावर भागलं. लवकर आणलंत. त्यांनी औषधं लिहून दिली आणि दादाला घरी पाठवलं. ‘लवकर आणलंत’ हे शब्द माझ्या नावावर जमा झाले. ते खोडायला मी तोंड उघडलं नाही.

सोमवारी स्टिकरबाई आल्या. मावशी स्टुलावर बसल्या होत्या, हात मांडीवर. मी सगळं सांगितलं, काट्यापासून पेल्यापर्यंत. दोन्ही चमचे टेबलावर ठेवले. स्टिकरबाईंनी दोन्हींकडे पाहिलं, आणि पिशवी फोडलेली दिसल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“हे सील तुम्ही काढलंत, सर?”

“हो.”

“बरं.” त्यांनी फॉर्म काढला. “म्हणजे कर्मचाऱ्याने पत्रकापेक्षा जास्त माप दिलं, हे सिद्ध झालं.”

“त्यानेच तर तो वाचला.”

“ते ठीक आहे, सर. पण परवानगी नव्हती. आणि तक्त्यात एक लिहून तीन दिली, म्हणजे नोंदही चुकीची. अशा वेळी कर्मचारी बदलून देतो आम्ही. तुमची तक्रारच आहे तशी.”

“मी तक्रार मागे घेतो.”

“तक्रार मागे घेता येत नाही. बंद करता येते. बंद करायला कारण लागतं.” त्यांनी फॉर्म माझ्याकडे फिरवला. ‘घटनेस जबाबदार’ असं लिहून खाली तीन चौकोन होते. कर्मचारी. लाभार्थी. सदोष साधन.

“नातेवाइकाचा चौकोन नाही का?”

“आजवर लागला नाही, सर.”

मावशी खिडकीबाहेर पाहत होत्या. उद्या दुसऱ्या कोणाच्या घरी जायचं असेल तर त्यांना सवय होती. दादाला नव्हती. पलंगावरून तो आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहत होता, आणि त्याचं बोट अंगठीसकट कठड्यावर तयार होतं.

मी ‘सदोष साधन’ या चौकोनात खूण केली. साधनाचं वर्णन या ओळीवर लिहिलं, ‘धाकटा भाऊ, एक नग. मोजतो, पण पाहत नाही.’ खाली सही केली. भाग ‘क’ही तिथेच भरला, चमचा आणि डबा बदलल्याबद्दल, दीड पान.

स्टिकरबाईंनी ते दोनदा वाचलं. “हे वर पाठवलं तर मला विचारतील.”

“मग सांगा, तपासलंय म्हणून.”

त्या थोडा वेळ पेन टोपणात घालत-काढत बसल्या. मग त्यांनी नव्या चमच्यावर पंधरा क्रमांकाचं स्टिकर लावलं, जुना पिशवीत घातला, तक्रारीवर ‘बंद’ असा शिक्का मारला आणि उठल्या. दारात थांबून मावशींना म्हणाल्या, “तुम्ही मला त्या दिवशी नीट सांगायला हवं होतं.”

“सांगितलं होतं, बाई.”

“लेखी,” स्टिकरबाई म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी मावशींसमोर उभा राहिलो. माफी मागायचा सराव नसलेल्या माणसाचं जसं होतं तसं झालं. “मावशी, उद्या या,” एवढंच निघालं.

“आजचा दिवस संपू द्या की,” त्या म्हणाल्या. “चला, पाणी कालवा. बघू द्या मला.”

मी कालवलं. त्यांनी माझ्या हातात चमचा दिला आणि वाकडा करायला लावला. पाणी थबकत, विचार करत खाली आलं. तीन वेळा करायला लावलं. मग मी पेला घेऊन दादाकडे गेलो.

एक टोला.

“दादा, बरोबर आहे. बघ.”

एक टोला. त्याने पेल्याकडे पाहिलंच नाही. तो माझ्या खांद्यावरून मावशींकडे पाहत होता. त्या पुढे आल्या, चमच्यात पाणी घेऊन त्याच्या डोळ्यांसमोर वाकडं केलं आणि मान हलवली. मग दादाने दोन टोले मारले.

याला आता पाच आठवडे झाले. ठिपका गेलाय. मावशी चप्पल आत काढतात. रविवारी अजून पाणी मीच देतो, पण एक टोला पडतोच. बायकोला हातातलं काम टाकून यावं लागतं, चमचा वाकडा करून दाखवावा लागतो, तेव्हा कुठे गाडी हलते. सव्वीस वर्षं दुसऱ्यांना परीक्षेला बसवलं. माझी मात्र दर रविवारी आठ पेपरांची परीक्षा असते, आणि पर्यवेक्षकाचा माझ्यावर अजिबात विश्वास नाही. मला त्यात चूक दिसत नाही.